दुसऱ्या अंतऱ्यातला श्वास

भाऊंनी पंखा बंद केला, दोन्ही खिडक्या लावून घेतल्या, घरातल्या फोनची वायर काढली आणि वळतात तोच त्यांच्याच खिशातला मोबाइल वाजला. स्वतःवरच चरफडत त्यांनी तो उचलला. संगीतकाराचा फोन, सकाळपासूनचा तिसरा.

"भाऊ, पाचला मी गाण्याची फाइल पुढे पाठवतोय. त्याआधी ताईंचा होकार लागेल."

"मिळेल हो. आजवर अडलाय का कधी?"

"तसं नाही." पलीकडे जरा खाकरणं झालं. "तुम्ही सांगितलंत ना त्यांना? दुसऱ्या अंतऱ्याचं?"

"तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघतो," असं म्हणून भाऊंनी फोन ठेवला आणि चांगला अर्धा मिनिट त्या बंद फोनकडे बघत उभे राहिले. सांगितलं कुठलं! सांगायचं नाही म्हणून तर अकरा दिवस हा सगळा उपद्व्याप चालला होता.

ताईंचं गाणं आधी घरी ऐकलं जायचं आणि मगच जगात जायचं. मेहुणे, म्हणजे ताईंचे यजमान, होते तेव्हापासूनची ही रीत. दोन लाकडी स्पीकर, त्यांच्यासमोर ताईंची वेताची खुर्ची, उजव्या हाताला भाऊ आणि मागे दिवाणावर बाकीची मंडळी. गाणं चालू असताना चहा नाही, बोलणं नाही, आणि मुख्य म्हणजे मान डोलवायची नाही. "मान फार लाडीगोडी लावते," असं ताई म्हणायच्या. "जमिनीकडे बघा आणि ऐका." भलेभले संगीतकार त्या दिवाणावर शाळकरी पोरांसारखे खाली बघून बसलेले भाऊंनी पाहिले होते. गाणं संपलं की ताई भाऊंकडे वळत. घरातला सगळ्यांत चांगला कान आपल्या भावाचा, हे त्यांनीच जाहीर केलेलं होतं. भाऊंचा आवाज चौदाव्या वर्षी फुटला तो पुन्हा जागेवर आलाच नाही, नाहीतर या घरात दोन नावं झाली असती. आवाज गेला, कान राहिला. त्या कानापायी त्यांनी ताईंना एकदा एकोणीस टेक द्यायला लावले होते. एकोणिसाव्याला ताईंनी हेडफोन काढून स्टुडिओच्या काचेवर भिरकावला आणि विसाव्याला गाणं झालं.

पण हे सगळं मेहुणे जाईपर्यंत. मेहुणे गेल्यावर दीड महिन्यानं ताई पुन्हा माइकसमोर उभ्या राहिल्या, वरचा स्वर जरासा खाली लागला आणि त्यांनी काचेतून भाऊंकडे बघितलं. तो चेहरा बघून भाऊंची जीभ उचलेना. त्यांनी काचेपलीकडे बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाले, "ओके, ताई. सुंदर." आयुष्यातलं पहिलं खोटं ओके. दया आली की माणूस काय काय करून बसतो! एक दिलं, मग दुसरं द्यावं लागलं, मग मोजायचंच सोडून दिलं. सहा वर्षं झाली त्याला.

अकरा दिवसांपूर्वीचं गाणं शेवटचं, असं तोंडानं कुणी म्हणत नव्हतं, पण वर्तमानपत्रांनी छापून टाकलं होतं. मुखडा निभावला. पहिला अंतरा संगीतकारानं सूर उतरवून कसाबसा बसवला. दुसरा अंतरा मात्र गेलाच नाही. भाऊंनी बटण दाबून नेहमीचं म्हटलं, ताई घरी आल्या, आणि चार दिवसांनी त्याच माइकसमोर ढमी उभी राहिली. ढमी म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ढमी; आता फुंकर मारली तर उडेल, तरी नाव तेच. आवाज हुबेहूब ताईंचा, एका किटलीतले दोन कप. दुसरा अंतरा ढमीनं गायचा, नाव ताईंचं एकटीचं लागायचं, आणि जन्मात कुणी अवाक्षर काढायचं नाही. ठरलं होतं ते असं.

*

"रडू नकोस," धाकटी कपबश्या पुसत म्हणाली. "डोळे लाल दिसले की ती लगेच विचारेल."

धाकटीला बासष्टावं लागलं होतं, पण घरादारात ती धाकटीच. ढमी ओट्याला टेकून उभी होती आणि रुमालाचा बोळा करून नाकाशी धरत होती.

"आई, मला नाही बसायचं आत."

"बसायचं. चार मिनिटांचं गाणं आहे, जमिनीकडे बघ की झालं."

"मी सात वर्षांची असल्यापासून मावशीकडे शिकले. 'सा' कसा लावायचा ते तिनं शिकवलं मला. आणि तिच्याच गाण्यात मी अशी चोरासारखी..."

"चोर कसली? तू दिलंस तिला. घेतलंस काय?"

"कुणी काय दिलं कुणाला?"

दारात मास्तर उभा होता, हातात रिकामा तांब्या. ताईंचा एकुलता एक मुलगा, शाळेत गणित शिकवायचा. एवढ्या गाणाऱ्या घरातला हा एकटा बेसूर. वाढदिवसाचं गाणंसुद्धा त्याला नुसते ओठ हलवून म्हणायला सांगत, आणि तोही बिचारा हलवायचा.

मग ढमीच बोलली, भडाभडा, मधे श्वासही न घेता. मास्तरनं तांब्या खाली ठेवला.

"अकरा दिवस," तो म्हणाला. "अकरा दिवस तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, आणि मी रोज आईबरोबर जेवतोय."

"तुला सांगून काय करायचं होतं?" धाकटीच्या तोंडून गेलं. "तुला काही फरक कळला असता का?" बोलल्यावर तिलाच वाईट वाटलं.

"नसता कळला, मावशी. मला फसवायला काय लागतं? पण आईला फसवताय तुम्ही. ती काय बहिरी आहे?"

"हळू बोल." भाऊ मागून आले होते. "कळायचं असतं तर सहा वर्षांत कळलं असतं. नाही कळत तिला आता. नाही कळत तेच बरं आहे."

"मामा, हे चूक आहे."

"आहे ना. मग तू सांग. जा." भाऊंनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "ती आत केस विंचरतेय. जा आणि सांग, आई, तुला आयुष्यात एकच गोष्ट येत होती ती आता येत नाही. सांगून ये, मी इथे उभा राहतो."

मास्तर खरंच निघाला. दोन पावलं गेला असेल, तोवर ताईच दारात आल्या. काठी एका हातात, दुसरा हात चौकटीवर, आणि कपाळावर ती ओळखीची आठी.

"सगळे स्वयंपाकघरात काय करताय? गाणं इथे वाजणार आहे का?"

मास्तरनं आईकडे बघितलं. तोंड उघडलं. "पाणी घ्यायला आलो होतो," तो म्हणाला, आणि तांब्या उचलला.

*

मुखडा सुरू झाला तेव्हा ताईंना स्वतःचा आवाज ऐकून कसंतरीच झालं. जाड झाला होता, पायरी चढताना गुडघा धरावा तसा प्रत्येक स्वर धरधरून वर जात होता. असू दे, त्यांनी मनाशी म्हटलं, चौऱ्याहत्तरीला काय घंटा वाजणार आहे? पहिला अंतरा आला आणि गेला. सारंग्या वाजल्या. मग दुसरा अंतरा.

*उंबऱ्यापाशी पाय तुझा थोडा अडला असता तर...*

आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, ताईंना वाटलं की हे आपणच गायलोय. इतका आनंद झाला त्यांना! वरचा स्वर कसा लख्ख, कुठे काठ नाही, किनार नाही. देवा, अजून आहे म्हणजे आपल्यात. हे आपण केव्हा गायलो? आणि "केव्हा" म्हणता म्हणताच तो आनंद विरला.

कारण ती ओळ एका दमात गेली होती. तालमीच्या वेळी ताईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या कागदावर "तर"च्या आधी लाल पेन्सिलीनं बारीक रेघ मारली होती, श्वासाची. दम पुरत नव्हता म्हणून मारलेली रेघ. गेल्या तीन वर्षांत एवढी लांब ओळ त्यांना एका दमात म्हणता आलेली नव्हती.

त्यांनी हळूच मागे पाहिलं. धाकटी जमिनीकडे बघत होती. ढमी जमिनीकडे बघत होती आणि तिच्या बोटांची टोकं पांढरी झाली होती. बेसूर मास्तर, ज्याला ही शिस्त कधीच जमली नाही, जो नेहमी खिडकीबाहेर बघायचा, तोसुद्धा आज मान खाली घालून बसला होता. म्हणजे यालाही माहीत आहे. फक्त मलाच नाही. ताईंना एवढं एकटं यजमान गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

गाणं संपलं. ताई उजवीकडे वळल्या.

"कसं झालंय?"

"ओके, ताई," भाऊ म्हणाले. "सुंदर."

"हो ना? ढमी फार छान गायलीय."

धाकटीच्या हातातली किल्ली खाली पडली. ढमी उठून धावत आली आणि ताईंच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. "मावशी, माझं चुकलं, मावशी..."

"चुकलं कुठे? फार चांगलं गायलीस तिथेच चुकलीस. 'तर'च्या आधी मी श्वास घेते, बाळा. तुझा दम दांडगा, तू सरळ निघून गेलीस." ताईंचा हात तिच्या केसांवर होता, पण आवाज कोरडा होता. "भाऊ, नाव कुणाचं लागणार?"

"तुझंच की. ताई, हे तुझ्यासाठीच..."

"कुणासाठी ते विचारलं नाही. नाव विचारलं. माझं लागणार. आणि हिचं?"

भाऊ स्पीकरची वायर गुंडाळायला लागले.

"माझी पहिली तबकडी आठवते? तू सहा वर्षांचा होतास. तबकडीवर नाव होतं ते पिक्चरमधल्या नायिकेचं, त्या गोष्टीतल्या पोरीचं. नव्या गाणाऱ्याचं नाव छापायची त्या कंपनीत पद्धतच नव्हती. आईनं दुकानातून घरी आणली आणि माझं नाव दिसेना म्हणून पेन्सिलीनं स्वतः लिहिलं, वेलांट्या चुकवून. रात्रभर रडले होते मी. आणि आता तुम्ही मला हेच करायला लावताय, या पोरीच्या बाबतीत?"

"तुझं शेवटचं गाणं आहे गं ते!" भाऊ ओरडलेच. "लोक वाट बघताहेत. तुझा आवाज त्यांना..."

"माझा आवाज त्यात उरलाय किती? फोन लाव संगीतकाराला. म्हणावं, सगळं गाणं ढमी म्हणेल, मुखड्यापासून. माझं सगळं काढून टाका. नाव तिचं एकटीचं."

मग धाकटी म्हणाली, "खरंच, ताई?"

त्या दोन शब्दांत इतका आनंद होता की धाकटीला स्वतःचीच शरम वाटली. पण शब्द निसटले होते.

"मला नको," ढमी डोकं न उचलता म्हणाली. "मावशीचं गाणं काढून माझं? लोक थुंकतील माझ्यावर."

"नको कसं? नको कसं, गं?" सकाळपासून भावाच्या बाजूनं उभी असलेली धाकटी आता एकदम दुसऱ्याच बाजूला गेली होती. "चाळीस वर्षं मी कोरसमध्ये उभी राहिले. ताईच्या मागे तीन पावलं. तिसरं पाऊल जरा पुढे पडलं की हा भाऊ काचेतून हात करायचा, मागे सर, तुझा आवाज ताईत मिसळतोय म्हणून! सरले मी मागे. चाळीस वर्षं सरले. आणि तू म्हणतेस, नको!"

एवढं बोलून ती थांबली आणि पदर तोंडाला लावून दिवाणावर बसली. भाऊ भिंतीकडे बघायला लागले. हात करायचे खरे ते. त्यांना वाटायचं, धाकटी विसरली असेल.

"हे तू मला कधी बोलली नाहीस," ताई म्हणाल्या.

"बोलून काय झालं असतं?"

"माहीत नाही. निदान मला कळलं असतं." ताईंनी बहिणीकडे कितीतरी वेळ बघितलं. मग खुर्चीत जरा सावरून बसल्या. "भाऊ. मी गायलेला दुसरा अंतरा लाव."

"तो... तो पुसला, ताई."

"भाऊ."

"ऐकू नकोस. माझं ऐक, नको ऐकूस."

"तू टाकून देणारा नाहीस. जुन्या बटणांचा डबा आहे तुझ्याकडे अजून. लाव."

भाऊंनी मोबाइल काढला. पण गाणं लावायला ते पुढे होईनात; शेवटी मास्तरनंच तो घेतला, वायर जोडली, आणि येऊन आईच्या खुर्चीशेजारी खाली बसला. तिचा हात त्यानं हातात घेतला. ताईंनी घेऊ दिला.

वाद्यं नव्हती. नुसता आवाज होता, उघडावाघडा. *उंबऱ्यापाशी* म्हणताना तो उभा होता. *पाय तुझा* म्हणताना वाकला. मग एक श्वास, नको तिथे. मग *अडला*, आणि तिथे आवाज वर जायला निघाला आणि गेलाच नाही, मधेच फाटला, पुन्हा उभा राहायला बघू लागला, पुन्हा श्वास. आयुष्यात ज्याला कधी सूर समजला नाही त्या मास्तरलाही ते समजलं. त्यानं आईचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. शेवटी रेकॉर्डिंगमध्ये बटणाचा खट्ट आवाज आला आणि भाऊंचा आवाज: "ओके, ताई. सुंदर."

मास्तरनं मोबाइल बंद केला.

ताई उजवीकडे वळल्या. नेहमी वळायच्या तशाच. "कसं झालंय?"

भाऊंचे ओठ हलले. नेहमीचा शब्द पार जिभेच्या टोकाशी आला, आणि त्यांनी तो गिळला.

"नाही झालं, ताई."

"पुढे."

"वरचा स्वर लागलाच नाही. श्वास तीनदा तुटला. 'अडला' अर्धा सूर खाली आहे." भाऊ रडत होते आणि बोलत होते, नाक पुसायचंही भान नव्हतं, पण एकदा तोंड फुटल्यावर जुनी सवय आली, आणि ते एकेक शब्द घेऊन सांगत गेले. "'पाय'वर आवाज घशात गेलाय. 'असता' म्हणताना तर सूर सुटलाच आहे."

"'थोडा'?"

"'थोडा' बरा होता."

"मलाही बरा वाटला," ताई म्हणाल्या. "आणि त्याआधीचं? गेल्या वर्षीचं, त्या नाटकाच्या पिक्चरमधलं? त्यातला मुखडा?"

"खाली होता."

"त्याच्या आधीचं? तुझे मेहुणे गेल्यावरचं पहिलं?"

"तेही. तेच पहिलं. तुझा चेहरा बघून माझ्यानं बोलवलं नाही, ताई. मला माफ कर. मला वाटलं, एवढं एक सोडून देऊ. मला वाटलं, तुला कळत नाहीये, तर कशाला..."

"मला ऐकू येत होतं," ताई म्हणाल्या.

भाऊंनी मान वर केली.

"पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. खाली लागलाय, हे मला तिथेच कळायचं. मग मी काचेतून तुझ्याकडे बघायचे, आणि तू ओके म्हणायचास." ताईंचा कोरडा आवाज आता पहिल्यांदा ओला झाला. "तुझा कान चुकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. मग मला वाटलं, भाऊ सुंदर म्हणतोय आणि मला खाली ऐकू येतंय, म्हणजे माझा कान गेला. आवाज आहे, कानच गेला. सहा वर्षं तसंच समजून होते मी. ढमीची शिकवणी बंद केली ती त्याच भीतीनं. आपल्याला धड ऐकू येत नाही, पोरीला खोटा सूर शिकवला जायचा. दमले म्हणून सांगितलं तिला. घरात एकटी असले की पेटीची एकच पट्टी दाबून बसायचे, खरा सूर कोणता, माझ्या कानातला की पेटीतला, म्हणून. आणि कुणाला विचारणार? विचारायचं ते तुलाच ना."

ढमी गुडघ्यांवरून डोकं उचलून मावशीकडे बघतच राहिली. मास्तरच्या हातातला फोन वाजायला लागला होता. संगीतकाराचाच, पाच वाजले होते. कुणी तो उचल म्हटलं नाही.

भाऊ खुर्चीवरून उतरून बहिणीच्या पायाशी बसले. "ताई," ते म्हणाले, "ताई, तुझा कान चांगला आहे. कधीच गेला नव्हता." आणि हे ऐकून इतका वेळ न रडलेल्या ताई तोंड झाकून, मोठमोठ्यानं रडायला लागल्या.